काळोखातला करंट

फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या मुलीला कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं की घरच्यांना वाटतं, आता ही 'देवकण' वगैरे शोधणार. माझ्या आजीने सांगलीतल्या आख्ख्या गल्लीत तसं सांगूनही टाकलं होतं. प्रत्यक्षात मुंबईतल्या त्या छोट्या गटात प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून मी अडीच वर्षं काढली. त्यातला बहुतेक वेळ एका काळ्या पेटीसमोर बसून गेला. पेटीत काहीही घडत नसताना तिथून किती करंट वाहतो, हे मोजायचं, एवढंच काम.

पेटीत असायचा सिलिकॉनचा डिटेक्टर. कागदोपत्री त्याला 'संसूचक' म्हणतात म्हणे, पण क्लीनरूममध्ये तो शब्द कोणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. डिटेक्टर म्हणजे मूळचा साधा डायोडच, फक्त उलटा जोडलेला. उलटा व्होल्टेज, म्हणजे बायस, वाढवत नेला की सिलिकॉनमधले मोकळे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) बाजूला ओढले जातात आणि मधला भाग रिकामा होत जातो. त्या रिकाम्या भागातून एखादा वेगवान भारित कण आरपार गेला, की वाटेत दर ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टमागे एक इलेक्ट्रॉन-होल जोडी सुटते. ३०० मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमध्ये अशा साधारण २२,००० जोड्या होतात. आकडा मोठा वाटतो, पण चार्ज म्हणून मोजला तर तो साडेतीन फेमटोकुलंबच भरतो. एवढं पुटपुटणं ऐकायचं तर खोली शांत हवी. कण नसतानाही डायोडमधून जो थोडासा करंट गळत राहतो, त्याला सगळेच लीकेज म्हणतात. आमच्याकडचे काका मात्र त्याला 'काळोखातला करंट' म्हणायचे.

काका म्हणजे आमचे सीनियर टेक्निशियन, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात प्रीशॉवर नावाचा एक भाग आहे, त्यासाठी भारतात सिलिकॉन सेन्सर बनले, त्या काळापासूनचे. बीएआरसीच्या पुढाकाराने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये चार इंची वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, ते तयार झाले होते. ६३ मिलिमीटरचा चौकोन, त्यावर ३२ पट्ट्या. काकांनी त्यांतल्या कित्येकांच्या आयव्ही घेतल्या होत्या. आयव्ही म्हणजे व्होल्टेज वाढवत जायचं आणि करंट लिहीत जायचा. ते म्हणायचे, "पोरी, भात शिजलाय का हे एका शितावरून कळतं. डायोड कसा आहे ते आयव्हीवरून."

माझ्या वाट्याला आले ते चाचणी डायोड. सीएमएससाठीच्या नव्या कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागात, सुमारे ६०० चौरस मीटर सिलिकॉन लागणार आहे. त्यासाठी आठ इंची गोल वेफरमधून षटकोनी सेन्सर कापतात. पोळीतून षटकोन कापला की कडेला जशा कोरी उरतील, तसे वेफरचे चंद्रकोरीसारखे तुकडे उरतात. त्या उरलेल्या जागेत आधीच छोटे डायोड बनवून ठेवलेले असतात, म्हणजे मोठ्या सेन्सरला हात न लावता त्याच वेफरची परीक्षा घेता येते. आमचे डायोड याच जातीचे होते. ५ मिलिमीटर बाजूचे, नखाएवढे.

पहिले तीन आठवडे काकांनी मला मोजमापाच्या जवळपासही फिरकू दिलं नाही. गाऊन, टोपी, मास्क, दोन जोड्या हातमोजे. डायोड उचलायचा तो व्हॅक्युम पेनने, आणि पेन लावायचं मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला गार्ड रिंग असते. कडेवरचं विद्युत क्षेत्र हळूहळू उतरवणाऱ्या त्या बारीक कड्यांवर चिमट्याचा एक ओरखडा पडला की डायोड कामातून गेला. मला सरावासाठी फुटक्या वेफरचे तुकडे दिले होते. एका डबीतून दुसऱ्या डबीत, दिवसभर. लहानपणी आजीने तांदूळ निवडायला बसवल्यासारखं वाटायचं.

मग एका सोमवारी पहिली खरी आयव्ही. डायोड चकवर, म्हणजे पेटीतल्या धातूच्या तबकडीवर ठेवला, खालून व्हॅक्युमने धरला, मायक्रोस्कोपमधून बघत एक सुई डायोडच्या पॅडवर आणि दुसरी गार्ड रिंगवर टेकवली. गार्ड रिंगही जमिनीला जोडावी लागते, नाहीतर कडेवरून गळणारा करंट मधल्या करंटमध्ये मिसळतो. पेटी बंद केली, व्होल्टेज १० च्या टप्प्याने वाढवत नेला. ३०० मायक्रॉनच्या या डायोडकडून अपेक्षा अर्ध्या नॅनोअँपिअरच्या आतली होती. मला मिळाले ६ नॅनोअँपिअर. बायस ० असतानाही जवळपास ६!

दोन दिवस मी सगळं करून पाहिलं. केबल बदलल्या, सुया बदलल्या, दुसरा डायोड घेतला. पेटीच्या झाकणावर काळं कापड टाकलं, त्यावर आणखी एक टाकलं. ६ नॅनोअँपिअर काही हलेनात. तिसऱ्या दिवशी काका आले, आलेख पाहिला आणि विचारलं, "शून्यावरसुद्धा आहे ना? मग गळत नाहीये, उजेड आहे."

"काका, कापड टाकलंय की दोन-दोन."

"बाहेरून टाकलंयस. आत काय आहे?"

आत आर्द्रता मोजणारा सेन्सर होता आणि त्याच्या पट्टीवर तांदळाच्या कणीएवढा हिरवा एलईडी. मी तो रोज बघत होते. तो लागलेला दिसला की बरं वाटायचं, सेन्सर चालू आहे म्हणून! उलटा जोडलेला डायोड म्हणजे सोलर सेलच. त्याला तेवढा उजेड पुरे. एलईडीवर काळी टेप लावली आणि करंट ०.३ नॅनोअँपिअरवर उतरला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या वहीत तारखेपुढे 'दिवा' असं लिहिलं.

सीव्हीबद्दल फार लिहीत नाही. व्होल्टेज वाढवत कपॅसिटन्स मोजायचा. रिकामा भाग जाड होत जातो तसा कपॅसिटन्स घटत जातो आणि पूर्ण रिकामा झाला की सपाट होतो. आमच्या डायोडला तो ८.७ पिकोफॅरडच्या आसपास थांबायला हवा होता आणि थांबलाही. ज्या व्होल्टेजला तो थांबतो तो पूर्ण डिप्लेशनचा व्होल्टेज. काम संयमाचं, पण रंजक नाही.

खरी परीक्षा घेतली ती जुलैने.

बाहेर चार दिवस संततधार होती आणि क्लीनरूमच्या एसीचा चिलर बंद पडला. आतली आर्द्रता एरवी ४० टक्क्यांच्या आसपास असायची, ती ६५ वर गेली. चिलर होईपर्यंत थांबायचं सोडून मी मोजत बसले, कारण आठवड्याचा अहवाल द्यायचा होता. आदल्या महिन्यात ८०० व्होल्टपर्यंत निमूट गेलेला डायोड ३५० लाच फुटला. फुटला म्हणजे तुकडे झाले नाहीत. करंट एकदम उसळून वर गेला, त्याला ब्रेकडाउन म्हणतात. दुसरा डायोड ४०० ला. तिसरा ३४० ला. एकाच दिवशी तीन डायोड मारले या समजुतीने मी जेवलेही नाही.

गटप्रमुख सरांना सांगायला गेले तर ते घड्याळाकडे नाही, खिडकीकडे बघून म्हणाले, "पाऊस आहे, नाही का?" डायोड मेलेले नव्हते. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर असतो. दमट हवेत त्यावर पाण्याच्या रेणूंची अगदी पातळ साय धरते आणि चार्ज त्या सायीवरून कडेकडे सरकत जातो. मग गार्ड रिंगने ज्या क्षेत्राची नीट उतरंड लावलेली असते, ते एकाच ठिकाणी गोळा होतं आणि तिथेच ब्रेकडाउन होतं. ही काही फक्त मुंबईची तक्रार नाही. सर्नच्याच अ‍ॅटलास प्रयोगाच्या नव्या पट्टी-सेन्सरांतही दमट हवेत ब्रेकडाउन लवकर होतं हे दिसलं आहे, आणि ते सेन्सर कोरड्या हवेत साठवतात. आम्ही तिन्ही डायोड रात्रभर कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवले. सकाळी तिघेही ८०० पर्यंत गेले.

तेव्हापासून वहीत प्रत्येक आयव्हीपुढे दोन आकडे आले, तापमान आणि आर्द्रता. लीकेज दर सात-आठ अंशांना दुप्पट होतं, त्यामुळे तापमान न लिहिलेली आयव्ही रद्दीत टाकायच्या लायकीची. थंड करून मोजायचं तर आणखी जपावं लागे. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसा घाम फुटतो, तसाच उणे २० च्या चकला फुटतो, आणि तो लगेच गोठतो. म्हणून आधी कोरडी हवा सोडायची, पेटीतला दवबिंदू उणे ४० च्या खाली जाऊ द्यायचा, मगच थंड करायला घ्यायचं. परतताना चक खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. संध्याकाळी सहाची लोकल या नियमापायी मी किती वेळा सोडली, त्याची मोजदाद नाही.

स्ट्रॉन्शियम-९० च्या बीटा स्रोताखाली पहिल्यांदा खरा सिग्नल दिसला, तो दिवस मात्र वेगळा होता. ऑसिलोस्कोपवर एकामागून एक ठोके. हजारो ठोक्यांचा आलेख काढला की एका बाजूला उभा चढ आणि दुसऱ्या बाजूला लांब, हळू उतरणारी शेपटी, पुस्तकातल्या लँडाऊ वितरणासारखी हुबेहूब. मी फोटो काढून घरी पाठवला. आजीला तो पन्हाळ्यासारखा दिसला.

आता या सगळ्याचा मूळ हेतू. नवा कॅलरीमीटर जिथे बसणार, तिथे टकरीतून निघालेल्या कणांचा वर्षानुवर्षं मारा होणार. न्यूट्रॉन सिलिकॉनच्या अणूला स्फटिकाच्या जाळीतल्या जागेवरून ढकलून देतो. मागे रिकामी जागा उरते, हाकललेला अणू कुठेतरी अडकून बसतो, आणि अशा दोषांमुळे इलेक्ट्रॉनना वर चढायला मधल्या पायऱ्या मिळतात. थोडक्यात, काळोखातला करंट वाढतो. किती वाढतो याचं गणित आश्चर्य वाटावं इतकं सरळ आहे. तो माऱ्याच्या आणि सिलिकॉनच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढतो. सिलिकॉन कुणी बनवलं, शुद्ध किती, याने जवळपास फरक पडत नाही. हॅम्बुर्गमध्ये नव्वदच्या दशकात झालेल्या मोजमापांतून आलेला तो स्थिरांक आजही सगळे वापरतात. फक्त मारा झाल्यावर डायोड ६० अंशांवर ८० मिनिटं ठेवायचा, म्हणजे सगळ्यांची तुलना एका पायरीवर होते. याला अ‍ॅनीलिंग म्हणतात.

आमचे दहा डायोड स्लोव्हेनियाला गेले, ल्युब्लियानातल्या योझेफ स्टेफान संस्थेच्या ट्रिगा अणुभट्टीत. सिलिकॉनवर न्यूट्रॉनचा मारा करून घ्यायला जगभरातले गट आपले नमुने तिथे पाठवतात. आम्ही मागितलेला मारा होता चौरस सेंटिमीटरला एक कोटी गुणिले एक कोटी न्यूट्रॉन. परत येताना ते थंड यायला हवे होते, कारण मारा झालेलं सिलिकॉन उबेत स्वतःला थोडंथोडं बदलत राहतं. म्हणून बर्फाच्या पॅकसह खोका, आत तापमान नोंदवणारा छोटा लॉगर.

खोका वाटेत कुठेतरी एका गोदामात दोन दिवस पडून राहिला. आमच्या हातात आला तेव्हा पॅक पाण्यासारखे झाले होते. लॉगर उघडला तर ३० अंशांची सपाट रेषा, जवळपास ४८ तास. मी ज्यांना फोन केले, त्यांतल्या प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचा तरी नंबर दिला. सहाव्या नंबरनंतर मी नाद सोडला.

आठ महिन्यांचं काम गेलं असं धरून मी बसले होते. काकांनी लॉगरची फाइल मागितली. "तापमान माहीत आहे, वेळ माहीत आहे. मग हिशेब कर ना, रडतेस कशाला?" अ‍ॅनीलिंगचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचं सूत्र ठरलेलं आहे. मांडून पाहिलं तर ३० अंशांवरचे ते दोन दिवस ६० अंशांवरच्या जवळपास तासाभराइतके भरले. म्हणजे अगदी सुरुवातीचे बिंदू कायमचे गेले, पण ८० मिनिटांची पायरी अजून पुढे होती. पाच डायोड आम्ही आणखी २० मिनिटं ६० अंशांवर ठेवले, उरलेले पाच फ्रीजरमध्ये.

उणे २० वर मोजलं. गणित सांगत होतं अर्धा मायक्रोअँपिअर. मिळाले ०.४७. खोलीच्या तापमानाला हाच करंट ३० मायक्रोअँपिअर भरला असता, म्हणजे माझ्या वहीतल्या ०.३ नॅनोअँपिअरच्या एक लाख पट. शिवाय करंट डायोडला तापवतो, तापलेला डायोड आणखी करंट सोडतो, आणि हे चक्र हाताबाहेर जाऊ शकतं. एवढाले डिटेक्टर कार्बन डायऑक्साइड खेळवून उणे ३० च्या आसपास का ठेवतात, हे मी पुस्तकात आधीच वाचलेलं होतं. पण ०.४७ हा आकडा पडद्यावर आला तेव्हा ते कळलं.

प्रकल्प संपला. पीएच.डी.ला जायचं की नाही यावर घरात बराच खल झाला. शेवटी मी बीएआरसीचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा वर्षभराचा डिप्लोमा केला, इंटर्नशिप केली आणि आता पुण्यात एका रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. कर्करोगाच्या रुग्णांना लिनॅक नावाच्या यंत्रावर किरणोपचार देतात, त्याची मात्रा बरोबर पडते आहे ना, हे बघायचं. मला वाटलं होतं, सिलिकॉन मागे सुटलं.

सुटलं नव्हतं. मेंदूतल्या छोट्या गाठीसाठी १ सेंटिमीटर किंवा त्याहूनही लहान फील्ड, म्हणजे किरणांचा झोत, वापरतात. नेहमीचा आयन चेंबर, म्हणजे हवा भरलेला डिटेक्टर, तिथे मोठा पडतो. बीमचा मधला उंच भाग आणि कडेचा उतार यांची सरासरी काढून तो कमीच आकडा सांगतो. म्हणून तिथे सिलिकॉन डायोड. हवेत एक जोडी सुटायला ३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, सिलिकॉनमध्ये ३.६, आणि सिलिकॉन हवेपेक्षा जवळपास दोन हजार पट घन. त्यामुळे तेवढ्याच जागेतून अठरा हजार पटींच्या घरात सिग्नल मिळतो. आमच्या डायोडचा काम करणारा भाग साधारण १ मिलिमीटर व्यासाचा आणि ३० मायक्रॉन जाडीचा आहे.

पेटीतून तो पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा मी सवयीने विचारलं, बायस किती? उत्तर मिळालं, शून्य. माहितीपत्रकात पुढे एक ओळ होती: डायोडवर आधीच किरणांचा मारा करून घेतलेला आहे. मला हसू आलं. ज्या नासाडीपासून वाचवायला आम्ही खोके बर्फात घालून आणायचो, ती इथे कारखान्यातच मुद्दाम करतात. कोऱ्या डायोडची संवेदनशीलता पहिल्या काही मात्रांत भराभर उतरते. आधीच मारा दिला की पुढची घसरण मंद होते. लोणच्यासाठी कैरीला आधी मीठ लावून पाणी सुटू देतात, तसं. तरी बारीकसारीक खोड्या राहतातच. कमी ऊर्जेच्या विखुरलेल्या किरणांना सिलिकॉन पाण्यापेक्षा जास्त दाद देतं, तापमानाने आकडा थोडा सरकतो. लहान फील्डसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१७ साली काढलेल्या नियमावलीत यासाठी डायोडगणिक दुरुस्त्यांचे तक्ते आहेत.

पहिल्या लहान फील्डचं मोजमाप एका शनिवारी होतं, रुग्ण नसताना. वॉटर फँटम, म्हणजे मोजमापाची पाण्याची टाकी, भरली, डायोड पाण्यात १० सेंटिमीटरवर आणला, कन्सोलवर येऊन बसले आणि चार्ज मोजणारा इलेक्ट्रोमीटर सुरू केला. बीम बंद. एक मिनिट झालं, दोन झाली.

"मॅडम, बीम ऑन करू?" टेक्नॉलॉजिस्ट मुलाने विचारलं.

"थांब जरा."

"पण मॅडम, अजून काहीच चालू नाहीये."

"तेच मोजतेय."

१०० मॉनिटर युनिटला (लिनॅकने सोडलेल्या किरणांचं हे माप) साधारण ६ नॅनोकुलंब येणार होते. काही चालू नसताना मिनिटाला एक-दोन पिकोकुलंब सरकले तर चालतं. इथे ४० सरकत होते. मिनिटभराच्या मोजमापात पाऊण टक्क्याच्या घरातली चूक तिथेच झाली असती, आणि लहान फील्डमध्ये तेवढ्यावरच आमची सगळी भांडणं चालतात. उजेडाचा प्रश्न नव्हता, डायोड काळ्या आवरणात बंद. मी आत गेले, केबलचा कनेक्टर उघडला. फँटममध्ये डायोड नीट बसवताना ओल्या बोटांनी मीच तो जोडला होता आणि आत पाण्याचा थेंब बसला होता. कोरड्या हवेने तो वाळवला, पुसला, पुन्हा जोडला. दहा मिनिटांनी आकडा दीड पिकोकुलंबावर आला. मग बीम.

हल्ली मोजमापाआधी पाच मिनिटं मी तशीच इलेक्ट्रोमीटरकडे बघत बसते. त्या पाच मिनिटांत कन्सोलवरची मुलं खाली जाऊन चहा घेऊन येतात. माझाही आणतात.